कुत्रा चावल्यावर तीन डॉक्टर, तीन उत्तरं. असं का होतं?

मानेवाडेकर
कुत्रा चावल्यावर काय करायचं हे आपल्या आसपासच्या डॉक्टरांना नक्की माहीत असतं का? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

मागच्या आठवड्यात भाचा ट्यूशनहून येत होता, मोकाट कुत्र्यानं पोटरीला धरलं. दोन दात चांगलेच रुतले, मोजा रक्तानं भिजला. पहिल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं टीटी दिलं, पट्टी करकचून बांधली आणि म्हणाले, "कुत्रा दहा दिवस जगतो का बघा, मग लशीचं ठरवू." अहो, कुत्रा कुठला, कुणाचा, कुठे गेला, कुणाला ठाऊक! बहिणीला काही ते पटलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी लस दिली, पण कमरेत. सिरमचं (लशीहून वेगळं, जखमेत टोचायचं औषध) विचारलं तर म्हणाले, "एवढ्याशा जखमेला गरज नाही." शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे सिस्टरांनी नावसुद्धा नंतर विचारलं, आधी विचारलं, "धुतलं का? साबणानं?" तोवर कुणीच धुतलं नव्हतं, दोन डॉक्टर पालथे घालूनही. तिथे कमरेतला डोस धरलाच नाही. दंडात नव्याने लस सुरू केली, जखमेत सिरम दिलं.

पोरगा ठणठणीत आहे. पण मला कोडं पडलंय. कॉलेजात हे शिकवत नाहीत की नंतर विसरतात?

तर्री_पोहा
कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं म्हणजे त्याच्या मागं मागं फिरायचं का जी? पुन्हा चावला तर दुसरा केसपेपर.

पीएसएमवाली
मी कम्युनिटी मेडिसिनला आहे, म्हणजे ज्या विषयात रेबीज शिकवतात त्याच विषयात. शिकवतात हो, व्हायव्हाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, तो ठरलेला प्रश्न आहे. तीन कॅटेगरी कोणालाही झोपेतून उठवून विचारा. नुसता स्पर्श किंवा धड कातडीवर चाटलं तर एक, काही करायचं नाही. रक्त न आलेला ओरखडा किंवा उघड्या कातडीवर निसटता चावा म्हणजे दोन, जखम धुवून लस. कातडीच्या आत गेलेला दात किंवा नखाची जखम, फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात किंवा तोंडात लाळ म्हणजे तीन, धुणं अधिक लस अधिक सिरम. जखम केवढी दिसते यावर हे ठरतच नाही. दात आत गेला की तीन. तुमचा भाचा सरळ तीनमध्ये.

सिरम का, ते सांगते, कारण गाडी तिथेच अडते. लस घेतल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं (विषाणूला निकामी करणारी प्रथिनं) तयार करतं, त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. विषाणू त्या काळात जखमेतच असतो आणि मज्जातंतूच्या टोकाशी पोचायच्या खटपटीत असतो. एकदा तो मज्जातंतूत शिरला की रक्तातल्या प्रतिपिंडांचा उपयोग नाही. सिरम म्हणजे तयार प्रतिपिंडं, तीही विषाणू जिथे आहे तिथेच सोडायची. म्हणून जखमेत आणि जखमेभोवती. माणसापासून बनवलेलं असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्यापासूनचं असेल तर ४०. लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत मिळालं तर ठीक, नंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात.

कमरेत लस का नाही? तिथे चरबी जास्त, लस स्नायूपर्यंत पोचेल याची खात्री नाही. मोठ्यांना दंडात, लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला.

आणि मानेवाडेकर, दहा दिवसांचा नियम खोटा नाही, उलटा वापरला गेला. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या किंवा मांजरीच्या लाळेत लक्षणांच्या थोडे दिवस आधीपासून विषाणू असतो, आणि लक्षणं आली की जनावर लवकर मरतं. म्हणून दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर चावलं तेव्हा लाळेत विषाणू नव्हता. पण लस सुरू करून मग बघायचं. बघून मग सुरू करायचं नाही.

महालची_मावशी
आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं! शेजारच्या पोट्ट्याला त्याचे वडील खांद्यावर टाकून नेत, तो महालापासून दवाखान्यापर्यंत बोंबलत जाई. त्यापेक्षा रेबीज परवडला असं आम्हाला वाटायचं. गावाकडची आजी तर आधी सात विहिरींत डोकावून आणायची आणि जखमेवर चुना आणि तिखट भरायची.

सिस्टर_ऑन_ड्यूटी
मावशी, तिखट अजून येते. परवा हिंगण्याकडून आलेल्या बाईच्या जखमेत लाल मिरची आणि वरून शेणाची राख. मी त्यांना नळाखाली बसवलं, अर्धा वेळ मिरचीच निघत होती. तिखट, चुना, हळद, तेल, बिब्बा, कायबी लावायचं नाही. जखम चिडते आणि घाण आत जाते.

धुणं म्हणजे काय तेही सांगते. डेटॉलचा बोळा फिरवणं म्हणजे धुणं नाही. वाहतं पाणी, अंगाचा साबण चालतो, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं लय मोठी असतात, लोक दोन मिनिटांत "झालं ना ताई" म्हणतात. आमच्याकडं इंजेक्शन रूमच्या बाजूच्या नळावर साबण सुतळीनं बांधून ठेवला आहे, नाहीतर तो रोज घरी जातो. या विषाणूचं वरचं आवरण चरबीचं, साबणानं ते फुटतं. धुतल्यावर बीटाडीन. टाके नाही, घट्ट पट्टी नाही. लयच उघडी जखम असली तर आधी सिरम, मग डॉक्टर सैल टाके घालतात.

सिरम भरणं बघायचं असेल तर काळीज पाहिजे. पोरीच्या बोटाच्या टोकाला चावा होता. तिथं जागाच नसते, थोडं गेलं की बोट पांढरंफटक पडतं, थांबावं लागतं, रंग आला की पुन्हा थेंबभर. एका बाजूनं आई रडून राहिली, दुसऱ्या बाजूनं पोरगी. नवीन इंटर्नचा हात इथंच थरथरते. मग काही जण काय करतात, सगळं सिरम दंडात टोचून मोकळे. कागदावर "सिरम दिले" लिहिलेलं असते, जखमेत थेंब नाही.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे केसपेपरवर सगळं बरोबर, पोट्ट्याच्या पायात कायबी नाही. हे तर आमच्या गावच्या रस्त्यासारखं झालं ना बाप्पा.

जुना_एमबीबीएस
इतवारीत जनरल प्रॅक्टिस करतो, १९८८ पासून. डॉक्टरांना झोडपण्याआधी थोडं आमच्या बाजूनंही ऐका.

आम्ही शिकलो तेव्हा मेंढीच्या मेंदूपासून बनलेली लस होती, तीच पोटातली. देशात ती २००४ च्या शेवटी बंद झाली. मग पेशींवर वाढवलेल्या लशी दंडात पाच डोस: ०, ३, ७, १४, २८. २००६ मध्ये कातडीत द्यायच्या पद्धतीला मान्यता आली, प्रत्येक खेपेला दोन्ही दंडांवर ०.१ मिली, ०, ३, ७, २८ या दिवशी. सिरमचं तर आणखी गमतीशीर. आम्हाला शिकवलं होतं की जखमेत मावेल तेवढं भरा आणि उरलेलं लांब कुठेतरी स्नायूत द्या. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, उरलेलं स्नायूत द्यायची गरज नाही, जखमेतलं काय ते महत्त्वाचं. आता ज्याला स्नायूतलं तेवढंच आठवतं तो "सगळं दंडात" करणारच ना? प्रत्येक डॉक्टर पास झाला त्या वर्षाचं रेबीज खिशात घेऊन फिरतो. बदल सांगायला आमच्या दवाखान्यात येतो कोण? एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस. आणि एमआरला त्याच्या ब्रँडपुरतंच माहीत असतं.

सिरम मी ठेवत नाही. महागडी बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, महिनोन् महिने पेशंट आला नाही तर एक्सपायर. घोड्याच्या सिरमला रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिनपासून सगळं हाताशी लागतं. म्हणून धुवून, पहिली लस देऊन मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवतो. रेफर करणं म्हणजे अज्ञान नव्हे.

पीएसएमवाली
सर, धुवून आणि लस देऊन पाठवता यातच तुमचं वेगळेपण आलं. पण "पाठवतो" यावर जरा भांडू द्या. शनिवारी संध्याकाळी मिस्त्रीकाम करणारा माणूस तुमच्याकडून चिठ्ठी घेऊन निघतो. रविवार जातो, सोमवारी कामावर खाडा नको म्हणून जात नाही, आठवडाभराने आठवतं. चिठ्ठीवर "एआरव्हीसाठी" (रेबीजच्या लशीसाठी) एवढंच लिहिलेलं असेल तर समोरचा नुसती लसच देतो. "कॅटेगरी तीन, सिरम आजच" असं ठळक लिहा आणि पेशंटला तोंडी सांगा की दुसरी लस नाही, वेगळं औषध आहे. मला वाटतं माहिती नसण्यापेक्षा हा दुवा जास्त माणसं मारतो.

रिॲक्शनच्या भीतीने आधी चाचणी सुई टोचतात, ती पद्धत सोडून द्या. कोणाला रिॲक्शन येईल हे तिच्यावरून कळत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही ती करायला सांगत नाही. तयारी मात्र हवी.

जुना_एमबीबीएस
चिठ्ठीचं मान्य. उद्यापासून लाल पेनानं.

रविवारचं मान्य नाही. चोवीस तास कॅज्युअल्टी उघडी असताना पेशंट गेला नाही तर मी त्याला खांद्यावर नेऊ का?

तर्री_पोहा
महालच्या मावशीच्या शेजाऱ्यांनी नेलंच की खांद्यावर.

दवाईवाला
मेडिकल स्टोअर आहे माझं. एक गोष्ट कोणीच बोलून नाही राहिलं. लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते. गिऱ्हाईक बाटली घेते, शर्टाच्या खिशात टाकते, नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत गाडीवर, मध्ये कॉटन मार्केटात भाजी घेते आणि मग डॉक्टरकडं. मी बर्फाच्या पिशवीशिवाय देत नाही, लोक म्हणतात "भाऊ, आइस्क्रीम आहे का?" काही हुशार लोक पुढचे डोस एकदम नेऊन फ्रीजरमध्ये ठेवतात. गोठली की गेली कामातून.

चौकोनी_कुटुंब
सिरमची किंमत ऐकून डोळे पांढरे झाले होते आमचे. खासगीत माणसाचं सिरम सांगितलं होतं, वजन ७०, म्हणजे १४०० युनिट. स्वस्त पर्याय नसतो का?

पीएसएमवाली
घोड्याचं शुद्ध केलेलं सिरम पुष्कळ स्वस्त असतं आणि नीट दिलं तर कामाला तेवढंच चांगलं. शिवाय आता मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली एकाच प्रकारची प्रतिपिंडं आहेत. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशिल्ड किलोमागे ३.३३ युनिट द्यायचं असतं, आकारमान कमी लागतं, बोटासारख्या जागी बरं पडतं. पण प्रत्येक कंपनीच्या औषधाचा डोस निराळा. सगळ्यांना एकच आकडा लावणं ही नव्या डॉक्टरांची नवी चूक. सरकारी दवाखान्यात लस आणि सिरम मोफत आहे, तिथे आधी जा.

शांत_अंबाझरी
मूळ रोग सोडून सगळे इंजेक्शनवर बोलताहेत. रोग म्हणजे मोकाट कुत्रे आणि रस्त्यावर पोळ्या टाकणारे. २०२२ च्या ऑक्टोबरात हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं सांगितलं होतं, खाऊ घालायचं तर दत्तक घ्या.

भूभू_प्रेमी
आणि त्याला सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबरात स्थगिती दिली, ते सोयीनं विसरलात. आम्ही खाऊ घालतो म्हणून ते कुत्रे पकडता येतात आणि त्यांना लस देता येते. तुम्ही दगड मारून किती कुत्र्यांना लस दिलीत?

शांत_अंबाझरी
माझ्या आईला पहाटे फिरायला जाता येत नाही, त्याचं काय?

वऱ्हाडी_ठेचा
नाव "शांत" आहे याचं.

संपादक
कुत्र्यांना खायला घालावं की नाही यासाठी वेगळा धागा काढावा. इथले पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

पशुवैद्य_सेमिनरी
सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकलो, आता ग्रामीण भागात आहे. दोन गोष्टी.

एक, आम्ही जनावरांत काम करणारे आधीच लस घेऊन ठेवतो. तसा पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा चावलं तर फक्त ० आणि ३ या दिवशी लस, सिरम लागत नाही. हे डॉक्टरांना सांगावं लागतं. मला एकानं पुन्हा पाच डोस आणि सिरम लिहून दिलं होतं, वर "तुम्ही ढोरांचे डॉक्टर" असंही ऐकवलं.

दोन, नुसती कुत्री बघू नका. गाय खात नाही, लाळ गाळते, आवाज घोगरा झाला, की शेतकऱ्याला वाटतं घशात काहीतरी अडकलं. तो कोपरापर्यंत हात तोंडात घालतो, दात लागतात, हातावर आधीच चिरा असतात. आठवड्याभरात गाय मरते आणि तो "गाईला विषबाधा झाली" म्हणून सोडून देतो. हा माणूस डॉक्टरकडे गेलाच तरी कुत्रा चावला नाही म्हटल्यावर रेबीजचा विचार कोण करणार? पिसाळणं म्हणजे धावून चावणंच असं नाही. मुका रेबीजही असतो, जनावर कोपऱ्यात पडून राहतं, जबडा लोंबतो.

काटोलची_संत्री
पशुवैद्य भाऊ, आमच्याकडं तेराव्याला ताक प्यायले सगळे, आणि दोन दिवसांनी कळलं की त्या म्हशीला पिसाळलेला कुत्रा चावला होता आणि म्हैस मेली. अख्खं गाव प्राथमिक आरोग्य केंद्रात. डॉक्टर नवीन होती बिचारी, तिनं सगळ्यांना लस द्यायला सुरुवात केली, मग साठा संपला आणि भांडणं. खरंच गरज होती का?

पीएसएमवाली
उकळलेल्या दुधात विषाणू टिकत नाही, त्यामुळे दूध तापवून विरजण लावलं असेल तर गरज नव्हती. कच्चं दूध प्यायले असतील त्यांचा विचार वेगळा करतात. म्हशीची लाळ हातातल्या चिरांना लागली असेल, तिला औषध पाजलं असेल, त्यांना मात्र लस आणि सिरम दोन्ही. घाबरलेल्या गावासमोर "तुम्हाला गरज नाही" असं म्हणायला एकट्या नव्या डॉक्टरचा धीर होत नाही. मीही तिथे असते तर कदाचित लसच दिली असती. पण मग खरी गरज असलेल्याच्या वाटची बाटली संपते.

रिकामटेकडी
उंदीर चावला तर? सासऱ्यांना झोपेत अंगठ्याला चावला. आणि माकड? रामटेकला पिशवी ओढताना नख लागलं होतं पुतणीला.

जुना_एमबीबीएस
घरातला उंदीर, खार, ससा यांच्यासाठी सहसा लस लागत नाही. अंगठा धुवा, टीटीचं बघा. सासऱ्यांना मधुमेह असेल तर अंगठा मात्र दाखवून घ्या. माकडाचं नख लागून रक्त आलं असेल तर कॅटेगरी तीन, थांबू नका. आधी झालं असेल आणि काहीच घेतलं नसेल तरी आजही सुरू करायचं. लक्षणं सहसा एक ते तीन महिन्यांत येतात, क्वचित वर्षानंतरही. उशीर झाला म्हणून दारातून परत पाठवायचं नसतं. गरोदर बाईलाही नाही. "बाळाला त्रास होईल" म्हणून लस नाकारलेली पेशंट मी पाहिली आहे.

दोन_मुलांची_आई
मुलं लपवतात हो. माझ्या लेकीनं कुत्र्याच्या पिल्लाचा ओरखडा फ्रॉकच्या बाहीखाली लपवला, कारण मी म्हटलं होतं पिल्लाजवळ जायचं नाही. अंघोळीच्या वेळी दिसला. डॉक्टर म्हणाले, "पिल्लू आहे, त्याला कुठला रेबीज?" मी तरी लस घेतली.

पशुवैद्य_सेमिनरी
बरं केलंत. पिल्लालाही रेबीज होतो. उलट त्यालाच लोक बेधडक कुशीत घेतात.

मानेवाडेकर
सगळ्यांचे आभार. धागा वाचून वाटतं की "माहीत नाही" असं सरसकट म्हणणं चुकीचं. पहिल्यांना दहा दिवसांचा नियम माहीत होता, दुसऱ्यांना लस माहीत होती. दोघांकडे अर्धं अर्धं होतं. आता सांगा, माझ्यासारख्या माणसानं डॉक्टरसमोर नेमकं काय विचारावं? त्यांचा अपमान न होता?

सिस्टर_ऑन_ड्यूटी
दवाखान्यात जायच्या आधीच धुऊन या, मग विचारायची अर्धी गरज नाही. आणि तारखा केसपेपरवर लिहून घ्या. शून्य दिवस म्हणजे पहिली लस घेतली तो, चावला तो नाही. यात लय लोक फसतात, कधी कधी लिहिणारेही.

पीएसएमवाली
"डॉक्टर, ही कुठली कॅटेगरी?" एवढंच विचारा. उत्तर "तीन" आलं की "सिरम जखमेतच देणार ना, की कुठे जाऊ?" प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर तेही आठवणीनं सांगा, अशा पेशंटला कॅटेगरी दोनमध्येही सिरम देतात. चिडतील ते चिडू द्या. जो चिडत नाही त्याच्याकडे पुढचे डोस घ्या.

जुना_एमबीबीएस
मी चिडणार नाही. पण गूगल उघडून समोर धरलं तर फी दुप्पट.

नवा_सदस्य_अमरावती
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझा सातव्या दिवसाचा डोस साळ्याच्या लग्नामुळे राहिला, तीन दिवस उशीर झाला. इथले कंपाउंडर म्हणतात पहिल्यापासून सुरू करा. आणि कोर्स होईपर्यंत मटण, आंबट, तेलकट बंद. खरं आहे का?

पीएसएमवाली
पहिल्यापासून नाही. आज जाऊन राहिलेला डोस घ्या, पुढचा डोस तेवढंच अंतर ठेवून. खाण्याचं पथ्य काहीही नाही.

नवा_सदस्य_अमरावती
म्हणजे रविवारी नागपूरला आलो तर सावजी चालेल?

पीएसएमवाली
लशीला चालेल. पोटाचं तुम्ही बघा.